नाचणीचे वडे आणि सासूबाईंचा कावळा

तापलेल्या तेलात वडा सोडला की तेल आधी दचकतं, मग कुजबुजतं आणि वडा टम्म फुगून वर आला की समाधानाने गुणगुणू लागतं. भाद्रपदाच्या वद्य पक्षात लालबागच्या आमच्या चाळीत हा आवाज रोज कुठल्या ना कुठल्या खोलीतून येत असतो. कधी पहिल्या मजल्यावर कुणाचे आजोबा जेवायला यायचे असतात, कधी तिसऱ्या मजल्यावर कुणाची आत्या. आवाजामागून वास येतो. तांदूळ, उडीद, धणे आणि मेथी यांचा तो खरपूस, जरासा कडसर वास जिन्याच्या कठड्याला धरून, वयस्क पाहुण्यासारखा, मजल्यामजल्यावर थांबत वर चढतो. त्या वर्षी अविधवा नवमीला आमच्या खोलीतून मात्र एक यंत्र घुमल्याचा आवाज आला आणि शेवटी 'टिंग' झालं. त्यामुळे माझ्या सासूबाई माझ्यावर रागावल्या.

त्यांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

हे नीट कळायचं तर आधी ताटाची हकिगत सांगायला हवी. सासूबाई गेल्या आणि माझे सासरे, ज्यांना सगळी चाळ नाना म्हणते, त्यांचं बोलणं कमी झालं आणि रक्तातली साखर वाढत गेली. गिरणीत कापडाच्या साच्यावर उभं राहून उमेदीची वर्षं घालवलेला तो ताठ माणूस खुर्चीत बसून नुसता खिडकीकडे पाहू लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तळलेलं बंद. नारळ हात राखून. भात घासापुरता. गोड फक्त बोलण्यात."

नेमकं त्याच आठवड्यात मी दादरला एका व्याख्यानाला गेले. पडद्यावर एक ताट दाखवलं होतं. अर्धं ताट भाज्यांचं: हिरवं, जांभळं, भोपळ्याच्या सोनेरी रंगाचं. उरलेल्या अर्ध्यात नाचणी, ज्वारी, वरी, डाळी, कडधान्यं आणि किनाऱ्यावरून चुकून वाहत आल्यासारखी एक लहानशी मासळी. जवळच्या मातीत पिकलेलं, त्या त्या ऋतूतलं, वाया न घालवता खावं. शरीराला जे हलकं जातं ते पृथ्वीलाही हलकंच जातं, अशा अर्थाचं काहीतरी वक्त्या बोलत होत्या. मी कवितेवर एम.ए. केलेली बाई. इतकी नादमय कल्पना कानावर पडल्यावर माझं काय होणार? मी त्या ताटाच्या प्रेमात पडले. (माणसांच्या बाबतीत मी इतकी घाई कधीच केली नव्हती, संदेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चांगलं ताटकळत ठेवलं होतं.)

घरी येऊन मी या पद्धतीला 'ऋतुसंवादी आहार' असं नाव दिलं. घरच्यांनी ते एका दिवसात मोडीत काढलं. माझी कॉलेजात जाणारी लेक, सायली, संध्याकाळी दारातूनच विचारू लागली, "आई, आज पृथ्वीचं जेवण आहे की माणसांचं?"

संदेश तक्रार करत नसे. मात्र ऑफिसातून परतताना त्याच्या शर्टाच्या बाहीला बटाटेवड्याचा वास येई आणि तो ताटावर बसून म्हणे, "आज तशी भूक नाहीये गं."

एकटे नाना वाढलेलं सगळं निमूट संपवत. पापलेट जाऊन बांगडा आला, भात जाऊन वरी आली, वाटणातलं खोबरं जाऊन भाजलेले तीळ आले. मी विचारी, "नाना, कसं झालंय?"

"बरा आसा."

मालवणी माणूस या दोन शब्दांत अमृतापासून एरंडेलापर्यंत काहीही बसवू शकतो, हे गिरगावातल्या माहेरात वाढलेल्या मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते दाद म्हणून घेत राहिले. आणि खरं सांगायचं तर नानांची साखर उतरू लागली होती. डॉक्टर खूश झाले. मी तर इतकी खूश झाले की मला आता पृथ्वीकडूनही काहीतरी निरोप येईल असं वाटू लागलं.

अशात नवमी आली. सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान पितृपक्षातल्या त्या तिथीचं. आमच्याकडचा रिवाज सरळ आहे. गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधायचं, केळीच्या पानावर वाढून ती वाडी गच्चीच्या कठड्यावर ठेवायची आणि कावळ्याची वाट पाहायची. तो शिवला, की गेलेलं माणूस जेवलं. मग घरातल्यांनी जेवायचं. सासूबाईंच्या आवडीचं म्हणजे वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भोपळ्याची भाजी आणि अळू. त्यातही वडे. त्या बाईंनी आयुष्यात तेलाचा हात कधी आखडला नाही आणि खोबऱ्याशिवाय केलेला पदार्थ त्यांच्या नावावर एकच आहे, तो म्हणजे चहा.

माझ्यापुढे पेच होता. वडे तळले तर ते वाडीपुरते थोडेच उरणार? नाना बसून खाणार. बायकोच्या आठवणीचा वडा पुढ्यात आल्यावर त्यांना कोण आवरणार? आणि जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच बायकोने, बोलायची ताकद राहिली नव्हती तेव्हा, माझा हात धरून डोळ्यांनी नानांकडे दाखवलं होतं. ते मी विसरले नव्हते. म्हणून मी ठरवलं: वडे होतील, पण नाचणी-ज्वारीचे आणि तेलाशिवाय, गरम हवेवर भाजणाऱ्या यंत्रातले. सांबारं होईल, पण तिळावर. खीर होईल, पण साखरेवाचून, खजुराची.

संदेश म्हणाला, "एक दिवस सोड ना गं. आईचं पान आहे."

"पृथ्वीला सुट्टी नसते," मी म्हणाले.

"मला आहे आज. मुद्दाम टाकलीये. भांडणात नको घालवू."

पहाटेपासून मी रांधत होते. अळूची पानं शिरा काढून निथळत ठेवली होती, त्यांच्यावर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे धावत होते. भोपळ्याच्या फोडीतून उन्हाचा रंग येत होता. यंत्राने 'टिंग' म्हणून वडे बाहेर दिले. रंगाने ते ओल्या मातीसारखे होते. (आकाराने आणि, हे मला पुढे कळलं, टणकपणानेही ते मातीच्याच एका भाजलेल्या प्रकाराशी मिळतेजुळते होते.) केळीच्या पानावर ते सगळं मांडलं तेव्हा मला व्याख्यानातल्या त्या ताटाची आठवण झाली.

नाना गच्चीवर आधीच जाऊन बसले होते. पांढरा सदरा, हातात काठी, शेजारी घरातली लाकडी खुर्ची असूनही ते पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले होते, कारण तिथून कठडा समोर दिसतो. संदेशने पान कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं. समोर आता काचेचे उंच मनोरे आहेत. त्यांच्यामध्ये गिरणीची एक बंद चिमणी कुणाच्या तरी विस्मरणामुळे उभी राहिली आहे. तिच्याकडून एक कावळा आला.

तो कठड्यावर उतरला. त्याने एका डोळ्याने वड्याकडे पाहिलं. मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. मग पानाभोवती, पाठीमागे हात बांधून वर्गात फिरणाऱ्या परीक्षकासारखी, एक संथ फेरी मारली. आणि उडून टीव्हीच्या तबकडीवर जाऊन बसला.

"बघून गेला," संदेश म्हणाला. "येईल परत."

"येतला," नाना म्हणाले. "घाई नाय."

इतक्यात जिन्यातून परबकाकी आल्या. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाई सवाष्ण गेलेल्या, त्यामुळे नवमी त्यांच्याकडेही असते. त्यांच्या हातातल्या पानावर तळलेल्या वड्यांची अशी सोनेरी रास होती की माझंच मन एकदा तिकडे जाऊन आलं. त्यांनी पान आमच्या पानाशेजारी ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटले. डोळे उघडेपर्यंत तबकडीवरचा कावळा त्यांच्या खिरीत होता.

नाना पाहत राहिले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "उभ्या जन्मात कधी शेजारी जेवली नाय ती."

परबकाकींना आनंद लपवता येईना आणि दाखवताही येईना. "अहो नाना, तो आमच्या जाऊबाईंचा कावळा आहे."

"आधी आमच्या पानावर इल्लो."

"पत्ता चुकला असेल. खिरीपासून सुरुवात केली बघा. जाऊबाईंचंच लक्षण. भात वाढायच्या आधी खीर मागायच्या." मग आमच्या पानावर वाकून त्यांनी विचारलं, "सुनबाई, हे काय ठेवलंयस?"

"वडे."

"हे?"

"नाचणीचे. तेलाशिवाय केलेत."

"बाई गं," परबकाकी म्हणाल्या. त्या दोन शब्दांत निंदा नव्हती, सांत्वन होतं. ते जास्त लागलं.

कावळा परबांकडे जेवून, चोच कठड्याला पुसून, पुन्हा तबकडीवर जाऊन बसला. दुसरे दोघे तिघे आले. पोट भरलेल्याने त्यांना काही सांगितलं असावं, कारण त्यांनी आमच्या पानाकडे नुसतं दुरून पाहिलं. सायलीने "काव काव" करून पाहिलं. संदेशने केलं. मीही केलं. (गळा मला बरा आहे. उपयोग झाला नाही.)

"काहीतरी इच्छा राहिली असेल त्यांची," परबकाकी म्हणाल्या. "शब्द द्या. शब्द दिला की शिवतो."

संदेश पुढे झाला. "आई, नानांची काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. "सायलीचं शिक्षण मी पूर्ण करीन." कावळ्याने पंख पसरून त्याखाली चोच खुपसली.

"बाबा, आजीला माझं शिक्षण नकोय," सायली म्हणाली. "आजीला पृथ्वीचं जेवण नकोय."

संदेशने माझ्याकडे पाहिलं नाही. कावळ्याकडेच पाहत तो म्हणाला, "आई, ते तेलाशिवायचं यंत्र मी माळ्यावर टाकतो."

आणि कावळा तबकडीवरून उडून कठड्यावर आला. योगायोग असेल. पण गच्चीवरच्या सगळ्या नजरा एकाच वेळी माझ्यावर वळल्या, तो योगायोग नव्हता.

गिरणगावात वाटाघाटींची परंपरा जुनी आहे. इथल्या लोकांनी फाटकाबाहेर उभं राहून मालकांशी बोलणी केलेली आहेत. मी मात्र फाटकाच्या आत, मालकाच्या जागी, एकटी उभी होते आणि समोर संपावर गेलेली माझी सासू होती.

"आई," मी म्हणाले, "वाटणात खोबरं घालीन. थोडं."

कावळा एक उडी पुढे आला.

"थोडं म्हणू नको गं," परबकाकी कुजबुजल्या. "घासाघीस नाही करत पितरांशी."

"खोबरं घालीन. आणि रविवारी तांदळाचा भात."

आणखी एक उडी.

"सणाला पापलेट," सायलीने मागून सुचवलं. "सांग ना, सणाला पापलेट."

"हे आजीला हवंय की तुला?"

"आजी माझ्यातून बोलतेय."

मी पापलेट कबूल केलं. सणासुदीचे वडे कबूल केले. माझ्या ऋतुसंवादी आहाराचं एकेक कलम मी त्या काळ्या पक्ष्याच्या पायाशी ठेवत गेले. (दिलेले शब्द मी आजही पाळते. नारळ घरात आहे, नाचणीही आहे, आणि दोघांचं बरं जमतं. एवढं शहाणपण मला आधी सुचायला हरकत नव्हती.) कावळा पानाच्या अगदी टोकाशी आला. वड्यावर वाकला. गच्चीवर कुणी श्वास घेईना. आणि मग करार पूर्ण वाचून सही न करताच निघून जावं तसा तो भर्रकन उडाला आणि चिमणीच्या दिशेने नाहीसा झाला.

तेव्हा माझं लक्ष नानांकडे गेलं.

त्यांनी साखर उतरवणारी सकाळची गोळी घेतली होती. पोटात चहापलीकडे काही नव्हतं. एरवी त्यांची या वेळेला जेवून वामकुक्षी सुरू झालेली असते. आता त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि काठीच्या मुठीवरचा हात थरथरत होता. ते थेंब पाहून माझ्या डोक्यातल्या सगळ्या उपमा-उत्प्रेक्षा एकदम बंद झाल्या. साखर उतरावी म्हणून मी इतके महिने झटत होते. ती अशी, माझ्या डोळ्यांसमोर, गच्चीवर बसून उतरावी असं मला नको होतं.

"नाना, खाली चला. दोन घास खा. मी परत येऊन बसते इथे."

"नको."

"निदान गुळाचा खडा तरी."

"माका भूक नाय."

सायली धावत जाऊन बिस्किटं घेऊन आली. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुडा बाजूला ठेवला.

संदेश म्हणाला, "नाना, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करतात आणि पानाला शिववतात. मी करतो. तुम्ही जेवा."

नानांनी वर पाहिलं. "तुझी आवस काय दर्भाची होती?"

मग बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते इतकं ते एका दमात बोलले. "मी कामावरसून येईसर ती जेवायची नाय. कितीव उशीर होवदे. मी सांगी, तू जेव गो, माझ्यासाठी थांबू नको. ऐकायची नाय. पोरांका वाढून, आपण ताट झाकून बसायची. आता माका थांबूक होया. ती जेवल्याशिवाय मी जेवचंय नाय."

परबकाकींनी पदर डोळ्यांना लावला. संदेश चिमणीकडे पाहत राहिला. आणि मला कळलं की इथे नाचणीचा, तेलाचा, पृथ्वीचा काहीच प्रश्न नव्हता. एक माणूस बायकोसाठी जेवायचा थांबला होता, आणि त्या दोघांच्या मध्ये मी तेलाशिवायचे वडे घेऊन उभी होते.

मी कठड्याशी गेले. कावळा चिमणीवर ठिपक्याएवढा दिसत होता. मी हात जोडले आणि सुरुवात केली, "आई, ज्या मातीने आपल्याला पोसलं, तिच्या ऋणाचा एक विनम्र अंश म्हणून हे..."

"आई," सायली म्हणाली, "साधं बोल ना. आजीला कळेल असं."

मी घसा साफ केला. मग जे आलं ते बोलले.

"आई, वडे तुम्हाला आवडले नाहीत, मान्य आहे. मला तुमच्यासारखं नाही जमत. पण नानांच्या हाताला कापरं भरलंय. भांडण तुमचं माझं आहे, त्यांना मध्ये घेऊ नका. माझ्यावरचा राग मागून काढा हवा तेवढा. आत्ता त्यांच्यासाठी एक घास घ्या."

मी कावळ्याची वाट न पाहता नानांकडे वळले, कारण मी ठरवलं होतं, आता त्यांना उचलून खाली न्यायचं, मग ते काहीही म्हणोत. पाठीमागे पंखांचा आवाज झाला.

तो आला होता. तोच की दुसरा, कोण सांगणार. त्याने या वेळी फेरी मारली नाही. सरळ वडा चोचीत धरला, कठड्यावर आपटला. टक्. पुन्हा आपटला. टक् टक्. सुतार पक्ष्याचं काम त्याच्यावर पडल्यासारखा तो त्या वड्याशी झुंजत राहिला. अखेर एक तुकडा निघाला. तो त्याने तोंडात घेतला, क्षणभर विचार केला, आणि नीट, सावकाश, पानाबाहेर ठेवून दिला.

"थुंकला," सायली म्हणाली.

"शिवला," परबकाकी ठामपणे म्हणाल्या. "टाकला तरी शिवला. शिवणं महत्त्वाचं."

"पण आजीने टाकला ना."

"तू गप गं."

आम्ही सगळ्यांनी घाबरत नानांकडे पाहिलं. नानांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडू कोसळलं. ते हसत होते. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

"तीच," ते म्हणाले. "तीच ती. लग्न झाल्यावर मी एकदा चाय केलंय. एक घोट घेतल्यान, माझ्याकडे बघल्यान, आणि उठान मोरीत ओतल्यान. तीच आसा."

कावळा उडाला. नाना काठी टेकून स्वतःच उठले. "चला," ते म्हणाले. "जेवली ती. वाढ माका."

आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. मी पान मांडलं. आधी खीर दिली. चार चमचे पोटात गेले तशी हातांची थरथर कमी झाली, कपाळावरचा घाम सुकला, चेहऱ्यावर रंग आला. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव येताच त्याच्यामागून माझा जुना अहंकारही आला. म्हटलं, कावळ्याला काय कळतंय? पितरांचा स्वयंपाक चव घेऊन उष्टा करायचा नसतो, त्यामुळे पहाटेपासून या अन्नाला घरात कुणाचीच जीभ लागलेली नव्हती. त्या पक्ष्याखालोखाल पहिला घास आता नानांचा.

भोपळा त्यांनी खाल्ला. अळू खाल्लं. मग वडा मोडून (दोन्ही हातांनी, गुडघ्याचा आधार घेऊन) तो काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात चांगला बुडवला आणि तोंडात घातला. आम्ही तिघं समोर ओळीने उभे. दारात परबकाकी. नाना चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत होतं आणि मी ते वाचायचा प्रयत्न करत होते: नारळाची उणीव जाणवली असेल का? तिळाचं वाटण जड झालं असेल का? नाचणीच्या जागी ज्वारी वाढवायला हवी होती का? पृथ्वीचं आणि मालवणी माणसाचं जमायचं तर नेमकं कुठे जमेल?

नानांनी घास गिळला. पाणी प्यायले. भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे पाहून, बायकोची बाजू आपल्याला पूर्ण पटल्यासारखी मान हलवली. मग माझ्याकडे वळले आणि अतिशय मायेने, अगदी हळू, जणू शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले,

"मीठ नाय."